शिकाऊ हातांतला सोनी डब्ल्यू ८३०

अकरावीला गेलेल्या माझ्या भाचीला फोटोग्राफी शिकायची होती आणि त्यासाठी घरातून मंजूर झालेली रक्कम होती दहा हजार रुपये, तीही कार्ड आणि पाउच धरून. एवढ्यात भिंग बदलता येणारा नवा कॅमेरा येत नाही आणि जुना घ्यायचा म्हटले तर बॉडीवरच पैसे संपतात, हे ठाऊक असल्यामुळे मी पहिल्या दिवसापासून खिशात मावणाऱ्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्याच शोधात होतो. "दादा, तिच्याकडे फोन आहे ना चांगला? मग हा डबा कशाला?" हा बहिणीचा प्रश्न मात्र टाळण्यासारखा नव्हता. डिसेंबरात घेतलेला सोनी सायबरशॉट डब्ल्यू ८३० आम्ही मामा-भाचीने चार महिने आलटून पालटून वापरला तो बऱ्याच अंशी या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता यावे म्हणूनच.

बहिणीचे म्हणणे निम्मे बरोबर आहे, हे आधीच कबूल करतो. या कॅमेऱ्यातला सेन्सर (उजेड टिपणारा भाग) ज्याला १/२.३ इंची म्हणतात त्या मापाचा, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाहूनही लहान आहे आणि आजच्या कित्येक फोनमधला मुख्य सेन्सर त्याच्यापेक्षा मोठा असतो. शिवाय फोन एका फोटोसाठी गुपचूप अनेक फोटो काढून त्यांची सांगड घालतो, सावल्या उजळतो, आकाश सावरतो. हा कॅमेरा यातले फारसे काही करत नाही. त्यामुळे 'कॅमेरा आहे म्हणजे फोटो फोनपेक्षा चांगले येणारच' अशा समजुतीने कोणी तो घेणार असेल, तर त्याने आपले पैसे वाचवावेत. माझ्या दृष्टीने त्याची किंमत वेगळ्याच गोष्टीत आहे. फोन चूक झाकतो. हा कॅमेरा ती जशीच्या तशी समोर ठेवतो, आणि शिकणाऱ्याला चूक दिसणे गरजेचे असते.

ओळख थोडक्यात करून देतो. हे मॉडेल २०१४ सालचे. वीस मेगापिक्सेलचा सीसीडी (जुन्या धाटणीचा) सेन्सर, ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने २५ ते २०० मिमीचे, म्हणजे आठपट ऑप्टिकल झूमचे झाइस भिंग, भिंगातच बसवलेली थरथर रोखणारी यंत्रणा, ८० ते ३२०० आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) आणि पाठीमागे २.७ इंचांचा पडदा. बॅटरीसकट वजन १२२ ग्रॅम. वायफाय नाही, डोळा लावून बघायची खिडकी नाही, रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली माहिती) नाही आणि ज्याची उणीव मला सर्वांत जास्त जाणवली, तो सगळे निर्णय आपल्या हातात देणारा पूर्ण मॅन्युअल मोडही नाही.

हा कॅमेरा मी जुना घेतला आणि तो घेण्याची कथा नव्या खरेदीदाराच्या उपयोगाची आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडून फोर्टच्या बाजूला वळले की बोरा बाजाराच्या गल्ल्यांत कॅमेऱ्यांची दुकाने लागतात. फिल्मच्या काळापासून मुंबईतले हौशी लोक दुरुस्तीला आणि जुन्या मालाला तिथेच जातात. पहिल्या दुकानात "एकदम नवीन आहे साहेब, दोनदाच वापरलाय" म्हणून जो नग दाखवला, त्याची बॅटरी फुगलेली होती; झाकण उघडून खटका सरकवल्यावर ती आपोआप वर यायला हवी, ती नखाने ओढून काढावी लागली. खोक्यावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या तळावरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता तो वेगळाच. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. तिसऱ्या दुकानात ६,८०० रुपयांना सौदा झाला. तरुणांमध्ये जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची हौस पुन्हा आल्यापासून भाव चढलेले आहेत आणि दुकानदारांना त्याची पूर्ण कल्पना आहे, तेव्हा घासाघीस करून फार काही सुटत नाही.

जुना कॉम्पॅक्ट घेताना एक परीक्षा जरूर करावी. झूम पूर्ण पुढे नेऊन मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि पडद्यावर मोठा करून पाहावा. त्यात कायम एकाच जागी राखाडी ठिपका दिसला तर धूळ आत शिरली आहे असे समजावे. भिंग बदलणाऱ्या कॅमेऱ्यातली धूळ फुंकणीने काढता येते, इथे मात्र अख्खा कॅमेरा खोलावा लागतो आणि त्या मजुरीत दुसरा अर्धा कॅमेरा येतो. झूम आत-बाहेर करताना खरखर ऐकू येते का हेही पाहावे. जुहूच्या किंवा गिरगावच्या वाळूत फिरून आलेल्या भिंगाच्या नळीत वाळूचे दोन कण असले तरी पुरे होतात.

पहिला खरा वापर अर्थातच समोरच झाला. महापालिका मुख्यालयाच्या कोपऱ्यावर उभे राहिले की टर्मिनसची १८८८ साली पूर्ण झालेली, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेली इमारत पुढ्यात उभी असते आणि झूम म्हणजे काय हे शिकवायला याच्याइतकी चांगली जागा मला तरी मुंबईत माहीत नाही. २५ मिमीला शंभर मीटरवरचा सुमारे १४० मीटर रुंदीचा भाग चौकटीत मावतो, तोच २०० मिमीला फक्त १७ मीटर उरतो. भाचीला मी एकाच जागी उभी केली आणि सांगितले, पाय हलवायचा नाही, फक्त झूमचा खटका हलवायचा. पहिल्या फोटोत बसगाड्या, टॅक्सी, घुमट, आकाश सगळे आले. शेवटच्या फोटोत घुमटावरची हातात मशाल घेतलेली 'प्रगती' तेवढी उरली, आणि मधल्या एका फोटोत फाटकावरच्या खांबांवर बसलेले सिंह आणि वाघ. रोज त्याच फाटकासमोरून कॉलेजला जाणाऱ्या मुलीला त्यातला एक सिंह आणि एक वाघ आहे हे त्या दिवशी कळले. फोनवर चिमटीने मोठे केलेले चित्र आणि भिंगाने जवळ आणलेले चित्र यांतला फरक तिला समजावून सांगावाच लागला नाही. कोरीव पानांच्या कडा तिने स्वतः मोठ्या करून पाहिल्या. भिंगातली थरथर रोखणारी यंत्रणा इथे मनापासून काम करते. उन्हात आयएसओ ८० ठेवूनही पूर्ण झूमला सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या भागाचा शटर वेग मिळतो, तेव्हा प्रश्न नसतो. तिची खरी गरज लागते ती सावलीत, जिथे हाच वेग साठाव्या भागापर्यंत उतरतो.

त्या इमारतीने आणखी एक धडा फुकट दिला. तिचा दर्शनी भाग पश्चिमेकडे असल्यामुळे सकाळी सूर्य तिच्या मागे असतो आणि कॅमेरा उजळ आकाशाकडे पाहून दगड काळा करून टाकतो. फोनने हे परस्पर सावरले असते. इथे मेनूत जाऊन एक्स्पोजरची भरपाई, म्हणजे फोटो किती उजळ किंवा गडद हवा ते, अधिक ०.७ करावी लागली, तेव्हा दगडाचा रंग परत आला आणि आकाश पांढरे झाले. "दोन्ही का नाही येत, मामा?" असे भाचीने विचारले, तेव्हा मला मनातून फार बरे वाटले, कारण छायाचित्रणाचा अभ्यास खरे तर याच प्रश्नापासून सुरू होतो. दुपारी चारनंतर परत आलो तर ऊन दर्शनी भागावर होते आणि दोन्ही आले.

सर्वांत जास्त वेळ आम्ही घालवला तो दादरच्या फुलबाजारात, आणि या कॅमेऱ्याचे गुण-दोष तिथे जितके उघडे पडले तितके कुठेच नाहीत. पहाटे उजाडताना पोहोचलो तेव्हा अर्धा उजेड दिव्यांचा होता आणि अर्धा आकाशाचा. झेंडूचा ढीग जवळून टिपायला गेले की साधारण प्रत्येक नवशिक्याचा फोटो एकसारखाच बिघडतो: फुलाचा आकार दिसतो, पण पाकळ्या दिसत नाहीत, केशरी रंगाचा नुसता गोळा होतो. याचे कारण असे की झेंडूचा रंग जवळजवळ सगळा लाल आणि हिरव्या घटकांत असतो. कॅमेरा सरासरी उजेड मोजतो आणि ती सरासरी ठीक दिसत असतानाच लाल घटक केव्हाच भरून वाहू लागलेला असतो. मग पाकळीची उजळ कड आणि खोलगट भाग दोन्ही एकाच कमाल आकड्यावर जाऊन बसतात आणि तपशील कायमचा जातो. रॉ फाइल असती तर घरी बसून त्यातले थोडेफार परत मिळवता आले असते. या कॅमेऱ्यात ती सोय नसल्यामुळे जे करायचे ते बाजारात, ढिगासमोर उभे राहूनच करावे लागते.

म्हणून आम्ही प्रोग्रॅम ऑटो मोड लावला. इंटेलिजंट ऑटो शिकणाऱ्याने पहिल्या आठवड्यानंतर विसरून जावा असे माझे मत आहे, कारण त्यात सगळे निर्णय कॅमेराच घेतो. प्रोग्रॅममध्ये आयएसओ, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोतले रंग सावरणे), फोकसची जागा, प्रकाश मोजण्याची पद्धत आणि उणे २ ते अधिक २ पर्यंतची भरपाई आपल्या हातात येते. भरपाई उणे ०.७ वर नेताच पाकळ्यांच्या सुरकुत्या दिसू लागल्या. उणे १ ला फूल चांगले आले, पण मागचा टोपलीवाला अंधारात गेला. मग व्हाइट बॅलन्स. सगळी चौकट केशरी असली की ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटते दिव्याचाच पिवळेपणा आहे, आणि तो रंग थंड करायला जातो. झेंडू लिंबाकडे झुकतो. व्हाइट बॅलन्स उन्हाच्या खुणेवर पक्का बसवला, तेव्हा झेंडूला झेंडूचा रंग आला. हे दोन बदल करायला भाचीला पहिल्या दिवशी अर्धा मिनिट लागत होते, कारण बटणे बारीक आहेत आणि मेनू खोल आहे. महिन्याभराने ती पडद्याकडे न बघता करू लागली. फुलाच्या अगदी जवळ जायचे तर झूम पूर्ण मागे ठेवावा. वाइड टोकाला हा कॅमेरा सुमारे पाच सेंटिमीटरवर फोकस करतो, टेलीला, म्हणजे पूर्ण झूमला, मात्र दीड मीटर लांब उभे राहावे लागते. जवळ गेलो की आपल्याच हाताची सावली फुलावर पडते, त्याला इलाज म्हणजे उजेडाच्या दुसऱ्या बाजूला जाणे.

अर्धे बटण दाबण्याची सवयही त्याच बाजारात लागली. बटण एकदम खाली दाबले तर फोकस शोधण्यात क्षण निघून जातो आणि हार गुंफणाऱ्या बाईंचा हात फोटोत वर येण्याऐवजी मांडीवर आलेला असतो. अर्धे दाबून फोकस धरून ठेवायचा, हात सुईपाशी येईपर्यंत थांबायचे, मग उरलेले अर्धे दाबायचे. फोनवर बोट टेकवणाऱ्या पिढीला यातले 'थांबायचे' जड जाते.

घरातल्या, रात्रीच्या उजेडाबद्दल आता कडू बोलावे लागेल, आणि ते या एका मॉडेलपेक्षा या मापाच्या सगळ्याच कॅमेऱ्यांबद्दल आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायटीच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली काढलेले फोटो आयएसओ ८०० पर्यंत चालण्यासारखे होते. त्यापुढे पैठणीच्या काठावरची नक्षी विरघळते आणि चेहऱ्यांवर मेण लावल्यासारखे दिसते. एवढ्याशा सेन्सरवर वीस मेगापिक्सेल मांडले की एकेका पिक्सेलच्या वाट्याला येणारा उजेडच तुटपुंजा असतो, त्याला यंत्रातले गणित किती सावरणार! फ्लॅश दोन-अडीच मीटरपर्यंत कामाचा आहे; वाण घेणाऱ्या पहिल्या ओळीतल्या बायका लख्ख आणि मागच्या खुर्च्यांवर अमावास्या, असा त्याचा न्याय आहे. मात्र इथेही शिकण्यासारखी एक गोष्ट सापडली. भिंगाचे छिद्र वाइड टोकाला एफ ३.३ असते आणि पूर्ण झूमला एफ ६.३ (एफचा आकडा वाढला की छिद्र लहान), म्हणजे झूम केला की आत येणारा उजेड साडेतीनपटींहून अधिक घटतो. तेव्हा हॉलमध्ये झूमला हात लावायचाच नाही, दोन पावले पुढे जायचे. हे एकदा कळल्यावर तिळगुळाच्या वाट्यांचा एक फोटो खरोखर बरा आला.

मागचे सगळे धूसर आणि चेहरा तेवढा स्पष्ट, अशा फोटोंची ज्याला हौस आहे त्याची इथे निराशा होईल. भिंगाचे खरे नाभीय अंतर अवघे ४.५ ते ३६ मिमी असल्यामुळे (वरचे २५ ते २०० हे आकडे फिल्मच्या हिशेबाचे) जवळजवळ सगळेच स्पष्ट येते. शिवाय इतक्या छोट्या कॅमेऱ्यांत छिद्र लहान-मोठे करण्याऐवजी उजेड कमी करायला आत राखाडी फिल्टर सरकवण्याची युक्ती वापरलेली असते, त्यामुळे छिद्र आणि स्पष्टतेची खोली यांचे नाते शिकायला हा कॅमेरा उपयोगी नाही. ते पुढच्या कॅमेऱ्यासाठी राखून ठेवावे लागते.

शिवडीला रोहित (फ्लेमिंगो) बघायला गेलो त्याबद्दल फार लिहीत नाही. शंभर मीटरवर उभा असलेला लहान रोहित पक्षी २०० मिमीला चौकटीच्या उंचीचा जेमतेम पंधरावा भाग व्यापतो, आणि ओहोटीला ते शंभर मीटरवर कुठले यायला! गुलाबी ठिपक्यांची रांग, मागे धुरकट आकाश, एवढेच हाती लागले. पक्ष्यांसाठी हा कॅमेरा नाही. डिजिटल झूम (चित्र नुसते कापून मोठे करणारा) मात्र पहिल्याच दिवशी मेनूतून बंद करून टाकावा, नाहीतर नवशिक्या त्याच्या मोहात पडतो.

व्हिडिओ ७२० पी. साध्या फोनवरही याहून चांगला निघतो, विषय संपला.

पडदा सुमारे २ लाख ३० हजार ठिपक्यांचा आहे आणि एप्रिलच्या भर उन्हात त्यात आपलाच चेहरा दिसतो. नंतर नंतर भाची ओढणीचा आडोसा करून बघू लागली. बॅटरी कंपनीच्या मोजणीने २१० फोटोंची आहे. दुकानातून कॅमेऱ्यासोबत मिळालेली बॅटरी साठ-सत्तर फोटोंत मान टाकत होती, ती बदलल्यावर फुलबाजाराची एक सकाळ आरामात निघू लागली. फोटो फोनवर घ्यायला वायफाय नसल्यामुळे कार्ड रीडर लागतो. एकेक फोटो पाच-सहा एमबीचा होतो, तेव्हा ३२ जीबीच्या कार्डात पाच हजारांच्या आसपास मावतात. याहून मोठे कार्ड घेण्यात अर्थ नाही.

याच पंक्तीतले दुसरे दोन पर्याय मी पाहिले होते. कॅननचा इक्सस १८५ वीस मेगापिक्सेलचाच, सीसीडीचाच आणि हाताळायला सोपा आहे, पण त्याचे भिंग २८ मिमीपासून सुरू होते आणि त्यातली थरथर रोखण्याची सोय भिंगातली नसून डिजिटल आहे. माझ्यासाठी निवड तिथेच झाली. मुंबईतल्या अरुंद गल्लीत २५ आणि २८ मधला फरक म्हणजे पाठ भिंतीला टेकली आहे आणि तरी समोरच्या चाळीचा जिना चौकटीत येत नाही, असा असतो. जेके इमेजिंग कंपनी कोडॅकच्या नावाने जे कॅमेरे काढते, त्यांतला एफझेड ५५ अधिक नवा आहे, सीमॉस (नव्या धाटणीच्या) सेन्सरचा आहे आणि फुल एचडी व्हिडिओ देतो, पण झूम पाचपट, १४० मिमीपर्यंतच. ज्याला व्हिडिओही हवा आहे आणि जुन्या वस्तूची धास्ती वाटते, त्याने नवा आणि वॉरंटीचा तो घ्यावा. त्यात चूक नाही. सीसीडीचे रंग जादूचे असतात अशी जी बोलवा आहे, तिच्यावर मात्र विसंबू नये. उन्हात रंग छान येतात हे खरे, पण त्यात भिंगाचा आणि कॅमेऱ्यातल्या रंगप्रक्रियेचा वाटा मोठा असतो. आणि चौकटीत तेज दिवा आला की सीसीडीच्या पडद्यावर उभी पांढरी रेघ ओढली जाते, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

तेव्हा ज्या विद्यार्थ्याला दिवसाउजेडी, रस्त्यावर, इमारतींत आणि बाजारांत फिरून वर्षभर शिकायचे आहे, त्याने सात हजारांच्या आत चांगल्या अवस्थेतला नग मिळत असेल तर डब्ल्यू ८३० घ्यावा. नऊ हजार मागत असतील तर सोडून द्यावा. घरातले समारंभ, रात्रीचे रस्ते आणि व्हिडिओ ही ज्याची मुख्य गरज आहे, त्याने फोनच वापरावा, आणि हे मी बहिणीलाही सांगितले.

पावसाळ्याची तयारी आताच केली आहे. या कॅमेऱ्याला पाण्यापासून कसलेही संरक्षण नाही आणि आपल्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये कपाटात ठेवलेल्या भिंगावरही बुरशी धरते. त्यामुळे घट्ट झाकणाचा एक डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून झूम पुढे-मागे करणे, असा नेम ठरला आहे. चामड्याच्या पाउचमध्ये ठेवून द्यायचा नाही, चामडे ओल धरून ठेवते.

हिशेब असा झाला: कॅमेरा ६,८००, कार्ड ५००, नवी बॅटरी ९००, कापडी पाउच ३५०; एकूण ८,५५०. दहा हजारांतले १,४५० रुपये शिल्लक आहेत. त्यांतून झेंडूच्या आणि टर्मिनसच्या आठ बाय दहा इंची प्रिंट काढाव्यात, त्यासाठी लागणारे सात-साडेसात मेगापिक्सेल कडा कापूनही आरामात उरतात, असे माझे म्हणणे आहे; भाचीला आणखी एक बॅटरी हवी आहे. अजून ठरलेले नाही.